बंद पडलेल्या कारखान्यांची स्वस्त रिव्हॉल्व्हरे : ओळख, मूल्यमापन आणि नीरा खोऱ्यातील शस्त्रवारसा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शस्त्रेतिहासाचे लेखन प्रामुख्याने तलवार, दांडपट्टा, भाला, कट्यार आणि तोफ यांच्याभोवती झालेले आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ हे गाव याचे उत्तम उदाहरण ठरावे. नीरेच्या काठावरील सुभानमंगळ हा भुईकोट आणि १६४८ च्या सुमारास फत्तेखानाच्या स्वारीवेळी तेथे झालेला संघर्ष यांमुळे शिरवळचे नाव शिवकालीन इतिहासात आदराने घेतले जाते. परंतु याच परिसराच्या एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील शस्त्रांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. तलवार देवघरात पुजली जाते; गंजलेले रिव्हॉल्व्हर मात्र पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जाते आणि कालांतराने नष्ट होते.

ही शस्त्रे बहुधा नामांकित कारखान्यांची नसतात. बेल्जियममधील लीज, स्पेनमधील ऐबार, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम आणि अमेरिकेतील वूस्टर व नॉर्विच या गावी अशा स्वस्त रिव्हॉल्व्हरांचे उत्पादन प्रचंड प्रमाणावर झाले. त्यांचे बहुसंख्य निर्माते आज अस्तित्वात नाहीत. त्यामुळे कंपनीकडे पत्र पाठवून माहिती मिळवण्याचा मार्ग बंद झाला आहे. शस्त्रावरील खुणा हाच मुख्य दस्तऐवज उरतो. हा दस्तऐवज कसा वाचावा, त्याचे मूल्य कशावर ठरवावे आणि भारतीय कायद्याच्या चौकटीत त्याचे जतन कितपत शक्य आहे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) बंद पडलेल्या कारखान्यांच्या रिव्हॉल्व्हरांची ओळख पटवण्याची पद्धत स्पष्ट करणे.
२) बाजारमूल्य आणि पुरावामूल्य यांतील भेद मांडणे.
३) भारतीय शस्त्रविषयक कायद्यातील ‘पुराणवस्तुमूल्य’ या संकल्पनेचे स्वरूप पाहणे.
४) सातारा परिसरातील अशा शस्त्रांच्या नोंदीसाठी व्यवहार्य मार्ग सुचवणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले आणि शिरवळचा परिसर प्रत्यक्ष ब्रिटिश अमलाखाली आला. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे धोरण अधिक कठोर झाले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा सामान्य भारतीयाचा गुन्हा ठरला. युरोपीयांना मात्र या कायद्याच्या जाचातून सूट होती. ही वांशिक विषमता नियमांतून दूर होण्यास पहिल्या महायुद्धाचा शेवट उजाडावा लागला.

शिरवळचे भौगोलिक स्थान या संदर्भात लक्षणीय आहे. पश्चिमेस भोर व पूर्वेस फलटण ही संस्थाने, त्यापलीकडे औंधच्या विखुरलेल्या मुलखाचे तुकडे आणि मधून जाणारा पुणे-सातारा रस्ता अशी ही रचना होती. १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत थोड्या कोसांच्या अंतरात प्रशासनाची व्यवस्था बदलत असे. दक्षिणेकडे गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता आणि तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचा शस्त्र कायदा लागू नव्हता. साताऱ्याच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात जी शस्त्रे जमवली, त्यांतील काही गोव्यामार्गे आल्याचे उल्लेख कार्यकर्त्यांच्या आठवणींत आढळतात. म्हणजे या परिसरात सापडणारे एखादे जुने रिव्हॉल्व्हर परवानाधारक इनामदाराचे, निवृत्त अधिकाऱ्याचे, संस्थानी मानकऱ्याचे अथवा भूमिगत कार्यकर्त्याचेही असू शकते. कोणते कोणाचे, हे ऐकीव माहितीवरून ठरवणे धोक्याचे आहे. प्रथम शस्त्राची साक्ष घ्यावी आणि मग कौटुंबिक आठवणीची, हा क्रम इतिहासलेखनाच्या शिस्तीला धरून आहे.

स्वस्त रिव्हॉल्व्हरांचा उदय

रिव्हॉल्व्हर स्वस्त होण्यामागे तंत्रज्ञानाइतकेच पेटंटचे कारण होते. आरपार भोके असलेल्या चक्रीत मागील बाजूने धातूची काडतुसे भरण्याच्या रचनेचे पेटंट रोलिन व्हाइट याने १८५५ मध्ये घेतले होते आणि त्याचा लाभ स्मिथ अँड वेसन कंपनीस मिळत होता. १८६९ मध्ये या पेटंटची मुदत संपली आणि अमेरिकेत लहान कारखान्यांचे जणू पेवच फुटले. नॉर्विच येथील हॉपकिन्स अँड अ‍ॅलन, वूस्टर येथील फोरहँड अँड वॉड्सवर्थ, हॅरिंग्टन अँड रिचर्ड्सन आणि पुढे फिचबर्गला गेलेली आयव्हर जॉन्सन या कंपन्या याच काळात वाढल्या.

युरोपात या बाबतीत लीज आघाडीवर होते. तेथे एका छपराखालच्या कारखान्यापेक्षा घरोघरच्या कारागिरांवर भर होता. नळी एका घरी, घोडा दुसऱ्या घरी, मूठ तिसऱ्या घरी, असे काम वाटले जाई आणि व्यापारी ते जुळवून घेत असे. त्यामुळे लीजच्या अनेक रिव्हॉल्व्हरांवर निर्मात्याचे नावच नसते. बर्मिंगहॅमच्या फिलिप वेब्ली यांनी १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ हे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि लीजच्या कारागिरांनी त्याच्या अगणित नकला केल्या. ‘बुलडॉग’ हा शब्द नळीवर दिसला म्हणून शस्त्र वेब्लीचे ठरत नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ऐबार येथील ऑर्बेआ, गाराते-अनितुआ आणि त्रोकाओला-अरांसाबाल यांनी स्मिथ अँड वेसनच्या धर्तीवर रिव्हॉल्व्हरे बनवली. त्रोकाओलाची एकमेकांत गुंफलेली आद्याक्षरे तर दुरून पाहता स्मिथ अँड वेसनच्या मुद्रेसारखीच भासतात. असे असले तरी या मालाला सरसकट निकृष्ट म्हणता येत नाही. पहिल्या महायुद्धात शस्त्रटंचाई भासल्यावर १९१५ मध्ये खुद्द ब्रिटिश सैन्याने गाराते-अनितुआ व त्रोकाओला यांच्याकडून .४५५ मापाची रिव्हॉल्व्हरे खरेदी केली होती. पुढे ऑर्बेआ सायकल उद्योगाकडे वळली आणि ते नाव आज सायकलींवर दिसते.

ओळख पटवण्याची पद्धती

ओळखीचे काम सुरू करण्यापूर्वी शस्त्र भरलेले आहे असे गृहीत धरणे हा पहिला नियम होय. चक्रीत जुने काडतूस गंजून अडकलेले असू शकते. अशा वेळी ते काढण्याचा प्रयत्न न करता परवानाधारक शस्त्र-कारागिराकडे वा पोलिसांकडे सोपवावे. जुने रिव्हॉल्व्हर चालते की नाही हे गोळी झाडून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. काळ्या दारूसाठी घडवलेली चक्री आधुनिक बिनधुराच्या दारूचा दाब सोसू शकत नाही.

यानंतरचा अभ्यास पुढील क्रमाने करणे इष्ट ठरते.

१) रचना : सांगाडा अखंड आहे की नळी पुढे मोडून चक्री उघडते, चाप दुमडता येतो की स्थिर आहे, घोडा उघडा आहे की झाकलेला, हे प्रथम नोंदवावे. चक्रीच्या कडेला खाचा असून काडतुसातून बाहेर आलेल्या खिळीवर घोडा वरून आपटत असेल, तर ते खिळीच्या काडतुसाचे, म्हणजे लफोशे पद्धतीचे शस्त्र होय. फ्रेंच नौदलाने ही पद्धत १८५८ मध्ये स्वीकारली होती.

२) चाचणीमुद्रा : युरोपातील बहुतेक शस्त्रकेंद्रांत नळी व चक्री यांची दाबचाचणी होऊन त्यांवर सरकारमान्य मुद्रा उमटवली जाई. निर्मात्याच्या नावापेक्षा ही मुद्रा अधिक विश्वसनीय असते. बर्मिंगहॅमच्या जुन्या मुद्रेत मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे राजदंड दिसतात. लीजच्या मुद्रेत लंबवर्तुळात ‘ई-एल-जी’ ही अक्षरे आणि तारा असतो. ब्रिटनमध्ये चाचणी झालेल्या परदेशी शस्त्रावर ‘इंग्लिश बनावटीचे नाही’ या अर्थाचा इंग्रजी शिक्का असेल, तर ती चाचणी १९२५ च्या नियमांनंतरची समजावी.

३) क्रमांक : स्वस्त शस्त्रांवरील क्रमांक पुष्कळदा केवळ जुळणीसाठी असत. सांगाडा, चक्री आणि मुठीखालील भाग यांवरचे क्रमांक जुळतात काय, एवढेच प्रथम पाहावे. क्रमांकावरून वर्ष काढण्याची सोय मोजक्याच निर्मात्यांबाबत आहे.

४) पेटंटच्या तारखा : नळीवर कोरलेली पेटंटची तारीख म्हणजे निर्मितीची तारीख नव्हे. १८८७ चे पेटंट कोरलेले शस्त्र १९०५ मध्येही बनलेले असू शकते.

५) विक्रेत्याचे नाव : हिंदुस्थानातील शस्त्रांबाबत होणारी सर्वांत मोठी गफलत येथेच होते. कलकत्त्याच्या मँटन व आर. बी. रॉडा किंवा मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही यांसारख्या पेढ्यांची नावे नळीवर आढळतात. नाव विक्रेत्याचे आणि शस्त्र मात्र बर्मिंगहॅमचे वा लीजचे, असा प्रकार सर्रास होता. तरीही हे नाव मौल्यवान ठरते, कारण शस्त्र अधिकृत व्यापारातून देशात आल्याचा तो पुरावा असतो.

६) मुठीवरील चिन्ह : आयव्हर जॉन्सनच्या मुठीवर घुबडाचे मुख, तर हॅरिंग्टन अँड रिचर्ड्सनच्या मुठीवर गोळ्यांची छिद्रे पडलेले लक्ष्य दिसते. मात्र मूठ सहज बदलता येते. म्हणून हा पुरावा दुय्यम मानावा.

कालनिश्चितीचे एक उदाहरण

केवळ मुद्रांवरून काळ किती नेमका ठरवता येतो, हे लीजच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. निर्मात्याचे नाव नसलेले, दुमडत्या चापाचे, पाच गोळ्यांचे एक रिव्हॉल्व्हर समोर आहे असे समजू. त्यावर लंबवर्तुळातील ‘ई-एल-जी’ मुद्रा आहे. पण तिच्यावर मुकुट नाही. लीजच्या या मुद्रेवर मुकुट १८९३ पासून आला. म्हणजे शस्त्राची चाचणी त्यापूर्वीची आहे. त्याच शस्त्रावर तपासनिसाचे एक अक्षर असून त्याच्या डोक्यावर लहान तारा आहे. १८५३ ते १८७७ या काळात तपासनिसाच्या अक्षरावर मुकुट असे. तारा १८७७ पासून आला. दोन्ही निरीक्षणे एकत्र केली असता हे शस्त्र १८७७ ते १८९३ या सोळा वर्षांतील ठरते. कारखान्याचे नाव, हिशेबवह्या किंवा मालकाची आठवण यांपैकी काहीही उपलब्ध नसताना मिळालेला हा निष्कर्ष आहे.

यापुढील पायरीवर मात्र सावधगिरी हवी. या शस्त्रावर ब्रिटिश चाचणीमुद्रा नाही, यावरून ते चोरट्या मार्गाने वा गोव्यातून आले असे सिद्ध होत नाही. लीजचा माल उघड व्यापारातूनही जगभर जात होता. तसेच शस्त्र १८९३ पूर्वीचे आहे म्हणून ते या परिसरात १८९३ पूर्वी आले असेही ठरत नाही. मुद्रा निर्मितीचा काळ सांगते, प्रवासाचा नव्हे. प्रवासासाठी परवाना, वारसापत्र, पोलीस नोंद, छायाचित्र अशा स्वतंत्र साधनांची आवश्यकता असते.

मूल्यमापन : किंमत आणि पुरावा

पाश्चात्त्य संग्राहक अशा शस्त्रांचे मूल्य स्थिती, मूळ मुलामा, सुट्या भागांची अस्सलता, यंत्रणेची कार्यक्षमता आणि दुर्मिळता यांवर ठरवतात. या निकषांवर स्वस्त रिव्हॉल्व्हर जुने झाले तरी बहुधा स्वस्तच राहते. ती लाखोंच्या संख्येने बनली, त्यांचा निकेलचा मुलामा उडालेला असतो आणि चक्री ढिली झालेली असते. गंज घासून शस्त्र चकाकवले तर मूल्य वाढते, हा समज चुकीचा आहे. घासण्याने मुद्रा पुसट होतात. मुद्रा गेली की ओळख गेली आणि ओळख गेली की मूल्यही गेले.

भारतात परिस्थिती उलट दिसते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात जवळजवळ थांबली. त्यामुळे देशात पूर्वीच आलेल्या आणि वापरण्याजोग्या .३२ मापाच्या विदेशी रिव्हॉल्व्हरांना परवानाधारकांत मोठी मागणी राहिली. ही किंमत दुर्मिळतेची नसून बंद दाराची आहे. मूळ देशातील किमतीशी तिचा मेळ राहत नाही. उलट .४५५ सारखी लष्करी मापे निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्याने, ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचे शस्त्रही सामान्य परवानाधारकास बाळगता येत नाही. म्हणून भारतातील बाजारभाव हा ऐतिहासिक महत्त्वाचा मापदंड मानता येणार नाही.

कारखाना बंद पडला म्हणून नावही संपते असे नाही, ही बाबही मूल्यमापनात लक्षात घ्यावी लागते. वेब्ली अँड स्कॉटने १९७९ मध्ये बंदुकांचे उत्पादन थांबवले, तर मूळ हॅरिंग्टन अँड रिचर्ड्सन १९८६ मध्ये बंद पडली. दोन्ही नावे पुढे इतरांनी वापरली. म्हणून नावापेक्षा पत्ता, मुद्रा आणि रचना यांची सांगड महत्त्वाची ठरते.

पुरावामूल्याची कल्पना दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून यावी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर १८८१ मध्ये बुलडॉग प्रकारच्या रिव्हॉल्व्हरने गोळी झाडण्यात आली. ते शस्त्र जपून ठेवण्यासाठी दिले गेले. पण पुढे हरवले आणि आज केवळ त्याचे छायाचित्र उरले आहे. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर आयव्हर जॉन्सनच्या .३२ मापाच्या रिव्हॉल्व्हरने हल्ला झाला. साडेचार डॉलरांना विकत घेतलेले ते शस्त्र बफेलोच्या इतिहास संग्रहालयात सुरक्षित आहे. किमतीने दोन्ही शस्त्रे किरकोळच होती. एकाची नोंद व जतन नीट झाले, दुसऱ्याचे झाले नाही, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्रातही शस्त्राची साक्ष निर्णायक ठरल्याचे उदाहरण आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांशी त्या शस्त्राचा संबंध जोडला गेला आणि खटल्याला वेगळेच वळण लागले. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले आणि हॉटसन बचावले. या घटनांचे राजकीय विवेचन विपुल झाले आहे. शस्त्रांच्या अंगाने त्यांचा विचार मात्र अल्प आहे. पोलिसांनी शस्त्राकडे गुन्ह्याचा पुरावा म्हणून जितक्या बारकाईने पाहिले, तितक्या बारकाईने इतिहासकारांनी पाहिलेले नाही.

कायद्याची चौकट

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात १८९८ वा त्यापूर्वीचे शस्त्र सर्वसाधारणपणे पुरातन समजले जाते. भारतात अशी वर्षाची सीमारेषा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ नुसार, कालबाह्य नमुन्याचे, पुराणवस्तुमूल्य असलेले वा नादुरुस्त शस्त्र दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय बंदूक म्हणून वापरता येण्यासारखे नसेल, तरच ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे निकष वयाचा नसून अक्षमतेचा आहे. सव्वाशे वर्षांचे, पण दुरुस्त होऊ शकणारे रिव्हॉल्व्हर हे कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच होय. ‘आजोबांचे आहे’ किंवा ‘चालत नाही’ एवढ्यावर कोणाची सुटका होत नाही. ते खरोखर निकामी आहे काय, हे घरच्या माणसाने नव्हे, तर तज्ज्ञाने ठरवायचे असते.

वारशाने आलेल्या शस्त्रासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसास परवाना देण्याची तरतूद आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाच्या शस्त्रांनाही ती मर्यादा लागू केली. दुसरीकडे १९७२ च्या पुराणवस्तू व कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून अधिक जुनी ऐतिहासिक वस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि तिच्या निर्यातीवर निर्बंध येतात. एकच रिव्हॉल्व्हर एका कायद्याने धोकादायक वस्तू आणि दुसऱ्या कायद्याने राष्ट्रीय ठेवा ठरावे, अशी ही स्थिती आहे. सामान्य कुटुंब या पेचात सापडले की सोपा मार्ग निवडते. शस्त्र विहिरीत टाकले जाते, भंगारात मोडले जाते किंवा माळ्यावर दडवले जाते. पहिल्या दोन मार्गांनी पुरावा नष्ट होतो आणि तिसऱ्याने कुटुंबावर गुन्ह्याची टांगती तलवार राहते.

उपाययोजना

१) वाड्यात वा शेतात जुने रिव्हॉल्व्हर आढळल्यास ते न हाताळता पोलिसांना कळवावे आणि त्यावेळी त्याच्या ऐतिहासिक नोंदीची लेखी विनंती करावी.
२) जप्त वा जमा झालेली शस्त्रे नष्ट करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे, मापे, मुद्रा व क्रमांक यांची नोंद करण्यासाठी जिल्हा प्रशासन आणि महाविद्यालयीन इतिहास विभाग यांच्यात समन्वय असावा. यासाठी शस्त्राचा ताबा मिळण्याची आवश्यकता नाही. नोंद पुरेशी आहे.
३) कायदेशीररीत्या निकामी ठरलेली निवडक शस्त्रे संग्रहालयांकडे सोपवण्याचा विचार व्हावा. साताऱ्यात व औंध येथे संग्रहालयांची परंपरा आहेच.
४) परवानाधारक वृद्धांच्या मुलाखती त्यांच्या हयातीतच घ्याव्यात. कालबाह्य झालेला परवाना हाही इतिहासाचे साधन आहे, याची जाणीव वारसांना करून द्यावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, बंद पडलेल्या कारखान्यांची स्वस्त रिव्हॉल्व्हरे बाजारात नगण्य ठरली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती नगण्य नाहीत. निर्मात्याचे कागद नष्ट झाले तरी चाचणीमुद्रा, रचना आणि विक्रेत्याचे नाव यांच्या आधारे त्यांचा काळ व उगम बऱ्याच अंशी ठरवता येतो. त्यांचा नीरा खोऱ्यापर्यंतचा प्रवास ठरवण्यासाठी मात्र स्थानिक नोंदी लागतात आणि त्या नोंदी दिवसेंदिवस विरळ होत आहेत. परवानाधारकांची जुनी पिढी मागे पडत आहे आणि जमा झालेली शस्त्रे नष्ट होत आहेत. सुभानमंगळच्या तटाचे अवशेष पाहताना शिवकालाचे स्मरण होते, ते योग्यच आहे. त्याच शिरवळच्या एखाद्या जुन्या घरातील निकेल उडालेले रिव्हॉल्व्हरही निःशस्त्रीकरण, परवाना, संस्थानी सीमा आणि स्वातंत्र्यलढा या शतकभराच्या घडामोडींचे साक्षीदार असू शकते. ते वितळवण्यापूर्वी त्याची साक्ष नोंदवून घेणे, हे अभ्यासकांचे किमान कर्तव्य ठरते.